पहिल्या स्थानाची नीति

गुण असणें आणि गुण दिसणें या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हें कांहीं नव्यानें सांगावयास नको. बोलणाऱ्याचा कोंडा विकला जातो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. आणि ती सांगणारा मनुष्य बहुधा स्वतःस गव्हाचाच धनी समजत असतो. परंतु या म्हणीनें एक प्रश्न मोकळाच ठेवला आहे. गव्हाच्या धन्यानें ओरडावें कीं न ओरडावें? ओरडल्यानें तो कोंडा विकणाऱ्याच्या पंक्तीस बसतो काय? आणि तो न ओरडल्यामुळें ज्या घरीं त्या दिवशीं कोंडा शिजला, त्या घराचा तो कांहींच अपराधी नाहीं काय? हा प्रश्न आज एका नव्या बाजारांत, पूर्वीपेक्षां पुष्कळच मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आहे. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा बाजार म्हणजे इंटरनेटवरील शोधाचा. आज सुशिक्षित घरांत एकादी शंका निघाली, मग ती मुलाच्या तापाविषयीं असो, कर्जाच्या व्याजाविषयीं असो कीं एकाद्या ग्रंथकाराच्या जन्मसालाविषयीं असो, हात पुस्तकांच्या कपाटाकडे न जातां फोनकडे जातो. दोन-चार शब्द टाइप केले कीं क्षणार्धांत उत्तरांची यादी समोर येते. यादी कितीही लांब असली तरी वाचणाऱ्याचा डोळा पहिल्या कांहीं नोंदींपलीकडे क्वचितच जातो. यामुळें यादींतील स्थान ही केवळ मानाची बाब राहिलेली नाहीं. जें पान पहिल्या पायरीवर तें वाचलें जातें. जें चाळिसाव्या पायरीवर तें असून नसल्यासारखें होतें. या यादींत आपलें पान वर चढावें म्हणून त्याची जी मशागत करतात तिला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन', किंवा आद्याक्षरांनीं 'एसईओ' म्हणतात. हा आतां एक रीतसर धंदा झाला आहे. त्याचे सल्लागार आहेत, त्याचे वर्ग चालतात, आणि त्यावर अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह होतो. त्या धंद्याची हेटाळणी करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, या मशागतींत सचोटीची सीमा कोठें लागते, आणि ती ओलांडली असतां नुकसान नेमकें कोणाचें होतें?

उत्तर देण्यापूर्वीं यंत्राचें काम कसें चालतें तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. शोधयंत्र आपला प्रश्न ऐकून मग जगभर धांवत सुटतें अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. धांवण्याचें काम आपण प्रश्न विचारण्यापूर्वींच झालेलें असतें. 'क्रॉलर' नांवाचे प्रोग्रॅम अहोरात्र एका पानावरून दुसऱ्या पानावर, तेथील दुव्यांच्या म्हणजे लिंकांच्या वाटेनें हिंडत असतात आणि जें सांपडेल त्याची नक्कल घेऊन येतात. मग त्या नकलांची 'इंडेक्स' म्हणजे सूची तयार होते. जाड ग्रंथाच्या शेवटीं शब्दसूची असते आणि अमुक शब्द कोणकोणत्या पृष्ठांवर आला आहे तें तींत दिलेलें असतें. तशीच ही सूची, फक्त ग्रंथ जगाएवढा. आपण शब्द टाइप केला कीं यंत्र ही सूची उघडून पाहतें. येथपर्यंतचें काम कारकुनाचें आहे आणि त्यांत नीतीचा प्रश्न फारसा येत नाहीं. तो येतो यापुढें. एकाच शब्दाखालीं लाखों पानें निघालीं तर त्यांतलें कोणतें वर ठेवावयाचें? हा क्रम लावणें म्हणजे 'रँकिंग'. आणि तें कारकुनाचें काम नव्हे, न्यायाधीशाचें आहे.

क्रम लावण्याचा सर्वांत निरुपद्रवी मार्ग वर्णानुक्रमाचा. कोशकार तो पत्करतो, कारण शब्दांची योग्यता ठरविण्याचें ओझें त्याला नको असतें. पण वर्णानुक्रमही माणसानें वांकविल्याशिवाय सोडला नाहीं. टेलिफोनच्या पुस्तकांत आपलें नांव आधीं यावें म्हणून दुकानाच्या नांवाच्या आरंभीं 'ए' हें अक्षर दोन-तीन वेळां जोडण्याची अमेरिकेंतील चाल इंटरनेटच्या पूर्वींची आहे. इंटरनेटवर शोधाची पहिली सोय १९९० सालीं कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठांत ॲलन एमटेज यांनीं 'आर्ची' या नांवानें केली. ती फाइलींचीं नांवें तेवढीं पाहत असे. १९९४ सालीं निघालेल्या 'याहू'नें माणसांकडून पानांची वर्गवारी करविली, पण पानांचा पूर माणसांच्या हाताबाहेरचा होता. १९९५ सालच्या 'अल्टाव्हिस्टा'सारख्या यंत्रांनीं पानावरील सगळ्या मजकुराची सूची केली. आणि क्रम लावतांना त्यांचा मुख्य आधार पान स्वतःविषयीं काय म्हणतें हाच होता. शोधावयाचा शब्द, ज्याला 'कीवर्ड' म्हणतात, तो पानावर कोठें व किती वेळां आला आहे हें तीं पाहत.

म्हणजे उमेदवारालाच आपलें प्रशस्तिपत्र लिहावयास सांगितल्यासारखें झालें, आणि परिणाम व्हावयाचा तोच झाला. एकच शब्द शेंकडों वेळां कोंबण्याची, पांढऱ्या पृष्ठावर पांढऱ्याच अक्षरांत शब्द लिहून ते वाचकापासून लपविण्याची पण यंत्रास दाखविण्याची विद्या निघाली. पानाच्या पोटांत, वाचकास न दिसणाऱ्या जागीं, विषयदर्शक शब्द लिहिण्याची 'मेटा कीवर्ड' नांवाची सोय होती. तींत इतका खोटेपणा माजला कीं, क्रम लावतांना आपण तिच्याकडे पाहतच नाहीं असें गूगलनें २००९ सालीं जाहीर केलें.

या अनुभवांतून दुसरा विचार पुढें आला, आणि तो खरोखर सुंदर होता. विद्वानांच्या जगांत एकाद्या निबंधाची किंमत त्याच्या लेखकाच्या सांगण्यावरून न ठरवितां, इतर विद्वान् त्याचा किती उल्लेख करतात यावरून अजमावण्याची पद्धति यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या विज्ञानविषयक उल्लेखसूचीमुळें रूढ झाली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं हीच कसोटी इंटरनेटच्या पानांस लावली. एका पानानें दुसऱ्याकडे दुवा दिला तर तें त्याच्या बाजूनें एक मत समजावें. पण सगळीं मतें सारखीं न मानतां, ज्याला इतरांनीं पुष्कळ मान दिला आहे त्याच्या मताचें वजन अधिक धरावें. आणि जो शंभरांस दुवे देतो त्याचें वजन त्या शंभरांत वांटलें जावें. या हिशेबास त्यांनीं 'पेजरँक' असें नांव दिलें, आणि १९९८ सालीं गूगल कंपनी स्थापन झाली. मनुष्य स्वतःविषयीं काय म्हणतो यापेक्षां चार भले लोक त्याच्याविषयीं काय म्हणतात हें पाहावें, हा आपल्या घराघरांतला सोयरीक जुळवितांनाचा जुना शहाणपणाच त्यांनीं गणितांत बसविला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथें एका बारीक गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें अशी आमची विनंती आहे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. ही कसोटी खरी कां ठरली? दुवा देणारे लोक आपण मत देत आहों या जाणीवेनें दुवा देत नव्हते म्हणून. एकाद्या प्राध्यापकास एक लेख उपयुक्त वाटला, त्यानें आपल्या विद्यार्थ्यांसाठीं तो जोडून दिला. त्याच्या मनांत क्रमाचा विचारही नव्हता. अशी साक्ष मोलाची असते, कारण साक्षीदारास आपण साक्ष देत आहों हेंच ठाऊक नसतें. शेजारीण सहज बोलतां बोलतां एकाद्या वैद्याची स्तुति करते, ती आपण खरी मानतों. तीच शेजारीण त्या वैद्याकडून दर शिफारशीमागें पैसे घेते असें कळलें तर तिचे तेच शब्द आपल्या कानीं निराळे लागतात. वस्तुतः शब्द बदललेले नसतात आणि वैद्यही बदललेला नसतो. बदललेली असते ती शब्दांची आणि अनुभवाची गांठ.

दुव्यांची मोजदाद होते हें जगास कळलें आणि ती गांठ सुटूं लागली. दुव्यांचा व्यापार सुरू झाला. एकमेकांस दुवे देण्यापलीकडे कांहींच काम नसलेल्या पानांचे ताफे उभे राहिले. त्यांना 'लिंक फार्म', म्हणजे दुव्यांचें शेत, असें समर्पक नांव मिळालें. २००३ सालीं पुष्कळ लोकांनीं संगनमत करून 'दयनीय अपयश' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या चरित्राच्या पानाकडे दुवे दिले, आणि ते शब्द शोधणाऱ्यास बुश यांचें चरित्र सर्वांत वर दिसूं लागलें. ती थट्टा होती. पण शंभर जण मिळून यंत्राच्या तोंडीं हवें तें वाक्य घालूं शकतात हें तिनें दाखवून दिलें. थट्टेपेक्षां व्यापाराचीं उदाहरणें अधिक बोधप्रद आहेत. २००६ सालीं जर्मनींतील प्रसिद्ध मोटार कंपनी बीएमडब्ल्यू हिचें जर्मन संकेतस्थळ गूगलनें आपल्या सूचींतून कांहीं काळ काढून टाकलें, कारण यंत्रास एक आणि वाचकास दुसरेंच पान दाखविण्याची योजना तेथें आढळली. २०११ सालीं जेसी पेनी या अमेरिकन दुकानाचें नांव कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत अनेक शब्दांखालीं पहिलें कां येतें याचा शोध 'न्यूयॉर्क टाइम्स'नें घेतला, तेव्हां विषयाशीं कांहींएक संबंध नसलेल्या हजारों पानांवर त्याच्याकडे जाणारे दुवे पेरलेले सांपडले. दुकानानें आपल्याला याची माहिती नव्हती असें सांगितलें आणि आपल्या सल्लागार संस्थेस दूर केलें. गूगलनें दुकानास पुष्कळ पायऱ्या खालीं ढकललें.

त्यानंतर यंत्राच्या चालकांनीं २०११ सालीं 'पांडा' आणि २०१२ सालीं 'पेंग्विन' अशा नांवांचे मोठे बदल केले. पहिला केवळ शोधांत सांपडावा म्हणून भराभर लिहिलेल्या पोकळ मजकुराविरुद्ध होता, दुसरा खोट्या दुव्यांविरुद्ध. प्रत्येक बदलानंतर नवी युक्ति निघते आणि प्रत्येक युक्तीनंतर नवा बदल होतो. हें द्वंद्व अद्यापि संपलेलें नाहीं, आणि तें कधीं संपेल असें आम्हांस वाटत नाहीं. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनीं १९७५ सालीं चलनविषयक धोरणाच्या संदर्भांत एक निरीक्षण मांडलें होतें. त्याचें पुढें सर्वत्र पसरलेलें रूप असें कीं, कोणतेंही माप एकदां ध्येय बनलें कीं तें चांगलें माप राहत नाहीं. परीक्षेचे गुण हें विद्येचें माप आहे. विद्यार्थी गुणांसाठींच शिकूं लागला कीं गुण वाढतात आणि त्यांचा अर्थ कमी होतो. आपल्याकडील पालकांस हें अर्थशास्त्रज्ञानें सांगावयास नको.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या धंद्यांतील लोक आपल्या कृतींचे दोन वर्ग करतात: पांढऱ्या टोपीच्या आणि काळ्या टोपीच्या. जुन्या अमेरिकन चित्रपटांत घोड्यावरून हिंडणारा सज्जन पांढरी हॅट घालीत असे आणि दुर्जन काळी. तेथून हे शब्द आले. आपल्या भाषेंत मात्र टोपी कोणत्याही रंगाची असली तरी 'टोपी घालणें' याचा अर्थ एकच होतो, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. या वर्गवारीस आमचा आक्षेप असा कीं, तींत पांढरें काय आणि काळें काय हें एका कंपनीच्या नियमावलीवरून ठरतें. नियम मोडल्यास दंड होईल हें ठीक. पण एकादें कृत्य वाईट कां आहे याचें उत्तर 'त्यामुळें यंत्र रागावतें' हें असूं शकत नाहीं. उद्यां नियम बदलला तर काळ्याचें पांढरें होईल काय?

आमच्या मतें कसोटी निराळी आहे आणि ती कोणत्याही कंपनीहून जुनी आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७९५ सालीं चिरकालीन शांततेवरील आपल्या निबंधाच्या पुरवणींत असें प्रतिपादिलें कीं, ज्या कृतींचा इतरांच्या हक्कांशीं संबंध येतो तिचें तत्त्व उघड केल्यास ती कृति सिद्धीस जात नसेल, तर ती अन्याय्य समजावी. हाच नियम येथें लावून पाहावा. जें यंत्रासाठीं केलें तें वाचकास उघड सांगतां येईल काय? पानास विषय सांगणारा सरळ मथळा दिला, लेखाचे ठळक भाग पाडले, चित्राखालीं त्याचें वर्णन लिहिलें, पान लवकर उघडेल अशी व्यवस्था केली, तर यांतलें कांहीं लपविण्याचें कारण नाहीं. उलट वाचक धन्यवादच देईल. आंधळ्या मनुष्यास मजकूर वाचून दाखविणारें साधन चित्राखालच्या त्याच वर्णनाचा आधार घेतें. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणास दिला आहे. अक्षर वाटोळें, सरळ आणि ओळी मोकळ्या असाव्या याची काळजी परमार्थाच्या ग्रंथांतही त्यांना वाहावीशी वाटली, कारण सुवाच्य लिहिणें हा वाचणाऱ्यावर केलेला उपकार आहे. या अर्थानें पान नीट मांडणें हें सुलेखनच आहे.

उलट, पांढऱ्यावर पांढरीं अक्षरें लिहिणारास आपली युक्ति सांगतां येत नाहीं. सांगितली कीं ती मेली. विकत घेतलेला दुवा 'ही जाहिरात आहे' अशा शब्दांसह दाखविला तर त्यांत अप्रामाणिक कांहीं नाहीं, पण मग तो मतही राहत नाहीं. त्याचें सगळें मोल त्याचें विकतपण लपविण्यांत आहे. जेथें लपवाछपवी हाच कृतीचा प्राण असतो तेथें कोणाची तरी फसवणूक होत असते. ती वरवर यंत्राची दिसली तरी यंत्रास फसल्याचें दुःख होत नाहीं. फसतो तो त्या यादीवर विश्वास ठेवणारा मनुष्य.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही प्रामाणिक मनुष्याच्या तोंडूनच येतात म्हणून त्यांची उपेक्षा करतां येत नाहीं. पहिला असा: माझा माल खरोखरच उत्तम आहे, चार खोट्या मतांनीं मी वर आलों तर शोधणारास उत्तमच वस्तु मिळाली, मग अन्याय कोणावर? यास उत्तर असें कीं, खऱ्या दाव्यासाठीं उभा केलेला खोटा साक्षीदारही न्यायसभेचें नुकसानच करतो. प्रत्येक वादी आपला दावा खरा समजतो. तेवढ्यावरून ज्याला त्याला साक्षीदार विकत घेण्याची मोकळीक मिळाली, तर खऱ्या साक्षीचा भाव खोट्याएवढा खालीं येईल, आणि ज्याच्याजवळ सत्याखेरीज दुसरें भांडवल नाहीं तोच अगोदर बुडेल. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: सगळेच असें करतात, मी एकटाच सरळ राहिलों तर माझें दुकान बंद होईल, आणि माझ्या दुकानावर दहा माणसें पोसलीं जातात. या म्हणण्यांतील वेदना खरी आहे. परंतु ती वेदना हें कृत्य निर्दोष ठरवीत नाहीं, फक्त करणाऱ्याचा दोष हलका करते आणि कांहीं दोष अशा व्यवस्थेच्या चालकांवर टाकते, जींत सरळ माणसास पोट भरणें अवघड व्हावें. शिवाय वर दिलेलीं उदाहरणें पाहिलीं म्हणजे ही वाट पोटासही फारशी हितकारक नसते असें दिसतें. युक्तीनें मिळालेलें स्थान पुढच्या बदलासरशी जातें, आणि मग नवी युक्ति विकत घ्यावी लागते.

इतकें म्हटल्यावर दुसऱ्या बाजूनेंही बोललें पाहिजे, नाहींतर या विवेचनाचा अर्थ 'सज्जनानें गप्प बसावें' असा होईल. तो आम्हांस मान्य नाहीं. सर्पदंश झालेल्या मुलाचा बाप घाबरून फोनवर उपाय शोधीत आहे असें समजा. जखम चिरूं नये, तोंडानें विष ओढूं नये, अवयव करकचून बांधूं नये, तो स्थिर ठेवून रोग्यास ताबडतोब रुग्णालयांत न्यावें आणि प्रतिविषाचें इंजेक्शन द्यावें, हें ज्या डॉक्टरानें लिहिलें आहे त्याचें पान जर अवजड मथळ्याखालीं, कोणी शोधणार नाहीं अशा शब्दांत पडून राहिलें, आणि मंत्रतंत्राचें पान वर आलें, तर त्या डॉक्टराच्या विनयास सद्गुण म्हणावयाचें काय? स्वतःचें नांव मागें ठेवणें हा विनय आहे. लोकांस ज्याची गरज आहे तें ज्ञान मागें ठेवणें हा आळस आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोश केवळ लिहून ठेवला नाहीं. त्यासाठीं भागभांडवलाची कंपनी काढली, वर्गणीदार मिळविले, आणि तेवीस खंड लोकांच्या हातीं पोंचविले. म्हणून गव्हाच्या धन्यानें अवश्य ओरडावें असेंच आमचें मत आहे. त्यानें गहूच म्हणून ओरडावें, आणि आपल्यासाठीं दुसऱ्यांनीं ओरडावें म्हणून त्यांना गुप्तपणें पैसे देऊं नयेत, एवढेंच.

खोटेपणा आणि सचोटी यांच्या मधोमध एक विस्तृत पट्टा आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणें आजचें खरें नुकसान तेथें होत आहे. लोक कोणते शब्द किती वेळां शोधतात याची माहिती मिळते. ती पाहून लेखक विषय निवडतो. त्यांत खोटें कांहीं नाहीं. पण 'मला काय ठाऊक आहे' हा प्रश्न मागें पडून 'काय विचारलें जात आहे' हाच प्रश्न पुढें आला कीं एकाच विषयावर शेंकडों पानें एकाच सांच्यांतून निघतात. पुरणपोळीची कृति हवी असणारास आधीं पुरणपोळीच्या महतीचीं बारा परिच्छेदांचीं मैदानें तुडवावीं लागतात, कारण लांब लेख यंत्रास आवडतो अशी समजूत पसरली आहे. अशा लेखांत एकही वाक्य असत्य नसतें, आणि एकही वाक्य वाचकासाठीं लिहिलेलें नसतें. ज्याला लोकांनीं अद्यापि विचारलें नाहीं असें कांहीं सांगावयाचें आहे, त्या लेखकास या बाजारांत जागा नाहीं. आणि मनुष्यजातीस उपयोगी पडलेलें पुष्कळसें ज्ञान आरंभीं कोणी न विचारलेलेंच होतें. लेखनाचा धर्म ऐकणाऱ्याशीं बोलणें हा आहे. मोजणाऱ्याशीं बोलण्याची संवय लागलेला मनुष्य कालांतरानें स्वतःशींही तशाच भाषेंत बोलूं लागेल, अशी आम्हांस भीति वाटते.

न्यायाधीशाविषयींही दोन शब्द बोलणें प्राप्त आहे, कारण सगळा उपदेश उमेदवारांस करून आसनस्थ पुरुषास मोकळें सोडणें न्यायाचें होणार नाहीं. पेज आणि ब्रिन यांनीं १९९८ च्या आपल्या निबंधाच्या परिशिष्टांत स्वतःच लिहिलें होतें कीं, जाहिरातींवर चालणाऱ्या शोधयंत्रांचा कल स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. पुढें दोनच वर्षांनीं, २००० सालीं, गूगलनें शोधाच्या शब्दांवर जाहिराती विकण्यास प्रारंभ केला. त्या जाहिरातींवर तशी खूण असते हें खरें. पण न्यायाधीशाच्याच दालनांत विक्रीचें दुकान उघडल्यावर संशय येणें क्रमप्राप्त होतें. युरोपियन आयोगानें २०१७ सालीं, स्वतःच्या खरेदीसेवेस यादींत वरचें स्थान दिल्याबद्दल, गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला, आणि २०२४ सालीं युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला. भारताच्या स्पर्धा आयोगानेंही शोधांतील पक्षपाताबद्दल २०१८ सालीं १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. गूगलनें त्याविरुद्ध अपील केलें. २०२४ सालीं अमेरिकेंतील न्यायालयानें कंपनीनें शोधाच्या क्षेत्रांतील मक्तेदारी बेकायदेशीर मार्गांनीं राखली असा निर्णय दिला. त्या खटल्यांत असें उघड झालें कीं, फोनांवर व ब्राउझरांवर आपलेंच यंत्र आधीं उघडावें यासाठीं गूगलनें २०२१ या एका वर्षांत २६ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम इतर कंपन्यांस दिली. दुकानदारानें पहिल्या स्थानासाठीं दुवे विकत घेतले तर तो गुन्हा, आणि यंत्राच्या मालकानें स्वतःसाठीं पहिलें स्थान विकत घेतलें तर तो व्यवहार, या दोन मापांचा मेळ कसा घालावयाचा हें आम्हांस समजत नाहीं.

मराठी वाचकांपुढें याच प्रश्नाचें एक खास अंग आहे. या शतकाच्या आरंभीं अनेक मराठी वृत्तपत्रांचीं संकेतस्थळें आपापल्या निराळ्या फॉन्टांत असत. माणसास तेथें मराठी दिसे, पण यंत्रास रोमन चिन्हांचा अर्थहीन ढीग दिसे. युनिकोडची पद्धति रुळल्यावर ती अडचण दूर झाली. तरी १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेल्यामुळें जुन्या ग्रंथांतील 'नाहीं' आणि आजचें 'नाही' हे यंत्राच्या दृष्टीनें मुळांत दोन निराळे अक्षरसमूह. शिवाय पुष्कळ लोक मराठी प्रश्न रोमन लिपींतच टाइप करतात. दुव्यांच्या मतदानांत जी भाषा स्वतः फारशी लिहीत नाहीं व आपल्याच चांगल्या लेखांकडे दुवे देत नाहीं, तिचें मत कोण मोजणार? येथें युक्तीपेक्षां साधी उदारताच अधिक उपयोगी पडेल. आपण जें वाचलें व चांगलें वाटलें त्याचा नांवानिशीं उल्लेख करणें, त्याकडे वाट दाखविणें, हें मराठी लेखकांनीं कर्तव्य मानलें तर त्यांत कोणतीही टोपी घालावी लागणार नाहीं.

हल्लीं कांहीं वर्षांत यादीच्याही वर यंत्रानें स्वतः रचलेलें उत्तर दिसूं लागलें आहे. पूर्वीं दहा साक्षीदार समोर उभे राहत आणि निवड आपली असे. आतां न्यायाधीशच सगळ्यांच्या वतीनें बोलतो. त्या उत्तरांत आपलें नांव यावें यासाठींही नवी मशागत सुरू झालीच आहे. साधनें बदलतील, शब्द बदलतील; पण जें केलें तें वाचकास उघड सांगतां येईल काय, ही कसोटी त्यांनाही लागू पडेल असें आम्हांस वाटतें.

शेवटीं वाचकाच्या कर्तव्याविषयीं. पहिल्या स्थानाचा हा सगळा बाजार आपल्या एका संवयीवर उभा आहे: जें आधीं दिसतें तें चांगलें समजण्याच्या. खोटे दुवे विकणारास ग्राहक मिळतो, कारण आपण दुसऱ्या नोंदीपर्यंत जाण्याचे कष्ट घेत नाहीं. उत्तर कोणीं लिहिलें आहे, त्याला त्या विषयाचा अधिकार काय, त्यांत त्याचा लाभ कोणता, हे तीन प्रश्न घरांतील मुलांनीं शोधाच्या प्रत्येक प्रसंगीं विचारावे आणि वडीलधाऱ्यांनीं ते त्यांच्यापुढें स्वतः विचारून दाखवावे, एवढी शिस्त जरी लागली तरी कोंड्याचा भाव पुष्कळ उतरेल. बाजारांत ओरडणारे असणारच. धान्य मुठींत घेऊन पाहण्याचें काम मात्र घेणाऱ्याचें आहे, आणि तें त्यानें दुसऱ्या कोणावर, यंत्रावरही, सोंपवूं नये.